सोन्याला कसोटी, मग हेल्मेटला का नाही?

करोल बागेत बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांतून चालताना अचानक मराठी कानावर पडलं, तर चकित होऊ नका. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली. त्यांतली काही दिल्लीतही स्थिरावली. खाली भट्टी, वर बिऱ्हाड आणि मधल्या जिन्यावर मुलांचा अभ्यास, अशी ही घरं. माझ्या ओळखीच्या अशाच एका घरी मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. दिल्लीत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हक्काने मागावी असं दुसरं ठिकाण मला नाही, हे त्याचं एक प्रामाणिक कारण.

गेल्या खेपेला जिना चढून वर गेले, तर वहिनींनी पाण्याच्या तांब्याआधी एक हेल्मेटच पुढे केलं.

“ताई, हे बघा कसलं टोपडं आणलंय तुमच्या दादांनी. लेकीसाठी म्हणे!”

लेक बारा वर्षांची. शाळेतल्या मैत्रिणीने वाढदिवसाची मेजवानी शहराबाहेरच्या एका गो-कार्टिंग ट्रॅकवर दिली होती. पूर्वी वाढदिवस म्हणजे केक, वेफर्स आणि संगीत खुर्ची. आता मुलांना त्या छोट्या, बिनछपराच्या, जमिनीला टेकल्यासारख्या गाड्या हव्या असतात. ही पोरगी तिथे दहा मिनिटं कार्ट चालवून आली आणि तेव्हापासून घरात एकच धोशा: मला शिकायचंय, मला शर्यतीत भाग घ्यायचाय. आई धास्तावलेली, आजी नाराज, वडील मात्र मनातून खूश. हौस पुरवायची, पण डोकं सांभाळून, असा विचार करून त्यांनी रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून साडेतीनशे रुपयांचं हेल्मेट आणलं होतं. लाल, चकचकीत, दोन्ही बाजूंना ज्वाळांची चित्रं.

मी ते हातात घेतलं आणि कडेला अंगठ्याने दाबलं. कड आत गेली.

“दादा, हे कापून बघू या का?” मी विचारलं.

दुसऱ्या कुणी कदाचित माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं असतं. पण आलेली लगड घासून, कापून, वितळवून बघणं हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना ही भाषा लगेच कळते. दादा खालून करवत घेऊन आले. दोन मिनिटांत हेल्मेटच्या दोन वाट्या झाल्या. आत काय निघालं? पातळ प्लास्टिक, त्याखाली बोटभरही जाड नसलेला स्पंज आणि त्यावर काळं कापड. बस्स.

“आता त्यात कोथिंबीर लावा,” आजी म्हणाल्या.

थर्मोकोलची करामत

चांगल्या हेल्मेटच्या आत काय असायला हवं होतं? थर्मोकोल. होय, तोच. टीव्हीच्या खोक्यात येतो आणि पूर्वी गणपतीच्या मखरासाठी आपण आणायचो, त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट दाबलेला. हेल्मेटचं बाहेरचं कवच आपलं डोकं वाचवतं असा बहुतेकांचा समज असतो. कवचाचं काम टोकदार वस्तू आत घुसू न देणं आणि मार मोठ्या भागावर पसरवणं. खरा मार खातो तो आतला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर. डोकं जोरात आदळलं की तो चिरडला जातो आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ देतो. मेंदू कवटीत सैलसर तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं, तर तो आतल्या आत कवटीवर आपटतो. तो दोन सेंटिमीटरचा अवधी म्हणूनच मोलाचा.

हिशेब सोपा आहे. उभा माणूस कोसळला आणि त्याचं डोकं साडेपाच फुटांवरून जमिनीला लागलं, तर त्या क्षणी त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्यानेही कवटी फुटू शकते. हौशी ट्रॅकवरच्या भाड्याच्या कार्ट्स ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर सहज गाठतात. शर्यतीच्या कार्ट्स तर शंभराच्याही पुढे जातात. आणि कार्टला दार नाही, टप नाही, बहुतेक वेळा पट्टाही नाही. शर्यतीच्या कार्टमध्ये पट्टा मुद्दामच नसतो. कार्ट उलटलीच तर चालक तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. पण फेकला गेलेला माणूस कुठेतरी आपटणारच, आणि तेव्हा त्याच्याजवळ असतं ते एकटं हेल्मेट.

स्पंज हे काम करू शकत नाही. तो दाबला की लगेच तळाला लागतो. घरची उशी मुठीने दाबून पाहा आणि मग थर्मोकोलचा तुकडा दाबून पाहा, फरक कळेल. मात्र थर्मोकोलची एक अडचण आहे. एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणूनच एका मोठ्या अपघातातून गेलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसलं, तरी ते निकामी समजायचं. कुणी ‘थोडंच वापरलेलं’ हेल्मेट स्वस्तात देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा. त्याने काय काय सोसलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

हेल्मेटची ही कल्पना फार जुनीही नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनाला लागलं. पुढे महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि हेल्मेटने जीव वाचतो हे दाखवून दिलं. गो-कार्ट तर त्याहून धाकटी. १९५६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने नळ्या जोडून, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. खेळणंच होतं ते.

दोन्ही शिक्के एकाच घरचे

आता मूळ प्रश्न. वरून सारखीच दिसणारी दहा हेल्मेटं समोर मांडलेली असताना आतला माल ओळखायचा कसा? प्रत्येक वेळी करवत तर नेता येत नाही.

मी दादांना विचारलं, “तुमच्याकडे दागिना आला, तर तो खरा की खोटा हे गिऱ्हाइकाला कसं कळतं?”

“हॉलमार्क असतोय की. सहा अक्षरी नंबर असतो. मोबाइलवर टाकला की सगळं समोर.”

“हॉलमार्क कोण देतं?”

“बीआयएस.”

“आणि हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का?”

दादा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे आमचंच खातं हाय की हे!”

अगदी बरोबर. भारतीय मानक ब्यूरो ही संस्था दोन्ही पाहते आणि तिचं मुख्य कार्यालय मानक भवन दिल्लीतच, बहादूरशाह जफर मार्गावर आहे. योगायोग असा की सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली ती जून २०२१ मध्ये, आणि दुचाकीस्वारांसाठीच्या हेल्मेटना आयएसआय शिक्क्याची सक्ती झाली तीही १ जून २०२१ पासून. म्हणजे आता बिनशिक्क्याचं हेल्मेट बनवणं, साठवणं आणि विकणं कायद्याला धरून नाही. तरीही ते विकलं जातंच. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मोहीम काढली, तेव्हा एकट्या दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून जास्त हेल्मेटं जप्त झाली. रस्त्याकडेच्या दुकानांतून सापडलेली वेगळीच.

शिक्का कसा वाचायचा ते सांगते, कारण नुसतं ‘आयएसआय’ एवढं छापलेलं स्टिकर दोन रुपयांत मिळतं. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक हवा आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हा परवाना क्रमांकच खरा. ब्यूरोचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो टाकला की उत्पादकाचं नाव, माल कोणता आणि परवाना चालू आहे की संपला, हे दिसतं. दुकानदारासमोर हे करायला लाजू नका. दादांच्या मोबाइलवर तर ते ॲप आधीपासूनच होतं, रोज हॉलमार्क तपासायला. त्यांनी लाल हेल्मेटच्या एका वाटीवरचं स्टिकर पाहिलं. त्यावर क्रमांकच नव्हता.

“ग्रॅमभर सोनं मी कधी न तपासता घेतलं नाही,” ते म्हणाले, “आणि पोरीच्या डोक्याला...” पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वहिनींनीही त्यांना टोचलं नाही, हे मला आवडलं.

वाढत्या अंगाचं नको

करोल बागेत दुचाकीच्या सामानाची कमी नाही. नाईवाला आणि हरध्यानसिंग रस्त्याच्या बाजूला तर बुलेट, तिचे सुटे भाग, जाकिटं, हातमोजे आणि हेल्मेटं यांचीच दुनिया. लडाखला निघालेली तरुण मंडळी इथूनच सजून जातात. सोमवारी बाजार बंद असतो, म्हणून आम्ही मंगळवारी सकाळी निघालो. मी, दादा, वहिनी आणि उत्सवमूर्ती. निघण्यापूर्वी शिंप्याची टेप घेऊन तिच्या डोक्याचा घेर मोजला. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं सोडून, कानांवरून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग पकडून. आला त्रेपन्न सेंटिमीटर.

हा आकडा घेऊन गेलो म्हणून वाचलो. पहिल्याच दुकानात मालकाने ५८ चं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं आणि हिंदीत म्हणाला, बच्ची मोठी होईल, आत्ताच मोठं घेऊन ठेवा. वहिनींची मान नकळत हलली. आपल्याकडे शाळेचा गणवेश, बूट, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय. हेल्मेटला ती लावू नका. सैल हेल्मेट पहिल्या हिसक्याला फिरतं, डोळ्यांवर येतं किंवा सरळ निघून जातं. वाढदिवसाच्या दिवशी ट्रॅकवरही नेमकं तेच झालं होतं, हे पोरीने आम्हाला त्या दुकानात उभं राहून पहिल्यांदा सांगितलं. “मावशी, ते हेल्मेट सारखं नाकावर यायचं. मी एका हाताने वर करत होते.” एका हाताने हेल्मेट, एका हाताने सुकाणू! वहिनींचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दुकानात छोट्या मापाचं होतं, पण ते निव्वळ खेळणं, कार्टूनची चित्रं आणि परवाना क्रमांकाचा पत्ता नाही. चौथ्या दुकानात ५४ चं पूर्ण तोंड झाकणारं, हनुवटीला कवच असलेलं मिळालं. मोठ्या माणसांना ५६ पासून पुढचं माप सहज मिळतं. मुलांचं मात्र शोधावं लागतं, तेव्हा थोडी पायपीट गृहीत धरा.

डोक्यावर चढवताना ते किंचित कष्टाने गेलं पाहिजे. गाल थोडे चेपले, ओठ जरा माशासारखे झाले, तर माप बरोबर. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर ते मोठं आहे. त्यानंतरची परीक्षा बहुतेक जण करत नाहीत आणि तीच सर्वांत महत्त्वाची. पट्टा बांधा, मुलाला मान थोडी वाकवायला सांगा आणि मागची कड धरून हेल्मेट पुढच्या बाजूला ओढून काढायचा प्रयत्न करा. निघालं, तर ते कितीही नामांकित कंपनीचं असलं तरी या डोक्यासाठी नाही. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. दोन कड्यांतून ओवून आवळायचा पट्टा बांधायला कटकटीचा, पण शर्यतीसाठी तोच उत्तम. खटका दाबून सुटणारा रोजच्या स्कूटरला सोयीचा.

चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहा. समोरची काच पारदर्शकच घ्या. काळी काच फोटोत छान दिसते, पण संध्याकाळी घात करते. आणि पंधरा मिनिटं हेल्मेट डोक्यावर ठेवून घरात वावरायला लावा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लालभडक ठसा उमटला, तर डोक्याचा आकार आणि हेल्मेटचा आकार जुळलेला नाही. तेव्हा बदलून देण्याची अट घालूनच खरेदी करा आणि पावती घ्या. पावतीशिवाय ग्राहकाला वाली नाही, हे मी या पानावर किती वेळा लिहिलं असेल!

पण हे तर स्कूटरचं हेल्मेट

हा प्रश्न दादांनी विचारला, आणि तो अगदी योग्य होता. आयएस ४१५१ हे मानक दुचाकीस्वारांसाठी आहे. ट्रॅकवर मजेसाठी किंवा सरावाच्या सुरुवातीला, भाड्याच्या मंद कार्टवर, नीट बसणारं, पूर्ण तोंडाचं आयएसआय हेल्मेट पुरेसं आहे असं माझं मत. भाड्याच्या सैल, उघड्या तोंडाच्या हेल्मेटपेक्षा तर ते शतपटीने बरं. पण मूल खरोखर शर्यतीत उतरणार असेल, तर जगभर कार्टिंगसाठी वेगळी हेल्मेटं आणि वेगळी प्रमाणपत्रं आहेत.

त्यांत सर्वांत जुनं नाव स्नेल. विल्यम स्नेल नावाचा अमेरिकन चालक १९५६ मध्ये मोटारींच्या शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. त्याचं हेल्मेट कुचकामी ठरलं होतं. त्याच्या मित्रांनी आणि जॉर्ज स्नाइव्हली या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेटच्या कसोट्या ठरवल्या. तिच्या यादीत मोटारसायकलसाठी ‘एम’, मोटारींच्या शर्यतीसाठी ‘एसए’ आणि कार्टिंगसाठी ‘के’ अशी अक्षरं आहेत, आणि अक्षरापुढे ज्या वर्षीचं मानक ते वर्ष. ‘एसए’च्या आतलं कापड आगीला तोंड देणारं लागतं, ‘के’ला ती अट नाही. ‘एसए’ आणि ‘के’ या दोन्हींना गाडीच्या पोलादी नळीवर आपटल्यासारखी आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती ‘एम’ला नसते.

मुलांसाठी वेगळं मानक आहे, ‘सीएमआर’. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. मुलांच्या शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि मान नाजूक. त्यावर मोठ्या माणसाचं जड हेल्मेट चढवलं, तर धडकेत डोकं वाचेल, पण मानेला हिसका बसेल. म्हणून सीएमआर हेल्मेट हलकं आणि लहान डोक्यासाठीच घडवलेलं असतं. ही हेल्मेटं परदेशी असतात आणि किंमत पाच आकड्यांत जाते. मूल दोन महिन्यांत कंटाळलं तर? म्हणून माझा सल्ला असा: आधी एक हंगाम साधा सराव होऊ द्या, शिकवणारा काय म्हणतो ते ऐका, आणि ज्या स्पर्धेत उतरायचं तिच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत कोणतं प्रमाणपत्र चालतं ते वाचूनच एवढा खर्च करा. मागच्या वर्षी चाललेलं या वर्षी बाद झालेलं असू शकतं.

चांगलं हेल्मेट काय करू शकतं, याचं उदाहरण बऱ्याच जणांना आठवत असेल. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत पुढच्या गाडीची निखळलेली स्प्रिंग ब्राझीलच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर येऊन आदळली. तो बेशुद्ध झाला, शस्त्रक्रिया झाली, पण वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाडी चालवू लागला. त्यानंतर २०११ पासून फॉर्म्युला वनच्या हेल्मेटवर काचेच्या वरच्या कडेला आणखी एक मजबूत पट्टी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मासा आपल्याकडेही धावून गेला.

वेणीचं काय?

हेल्मेट घेऊन घरी आलो, लेकीने ते घालून आरशात पाहिलं, आणि आजींनी मुद्द्याला हात घातला. “डोक्याला झालं. येनीचं काय?”

पोरीची वेणी कमरेपर्यंत. वहिनींची खरी भीती तीच होती, पण त्या बोलल्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या एका मनोरंजन उद्यानात कुटुंबासोबत आलेल्या एका तरुण विवाहितेचे केस कार्टच्या चाकात गुंतले आणि तिचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला एका कॉलेजकन्येच्या बाबतीत तेच घडलं. दोन्ही बातम्या वहिनींनी वाचल्या होत्या आणि विसरल्या नव्हत्या.

असं का होतं, हे कार्ट मागून पाहिली की कळतं. साध्या कार्टला मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असतात. इंजिनाची साखळी तो दांडाच फिरवते. आणि हा दांडा बैठकीच्या पाठीला जवळजवळ चिकटून, मिनिटाला शेकडो वेळा गरगरत असतो. पाठीमागे लोंबणारी वेणी, ओढणी किंवा मफलर त्याला शिवला की सुतगिरणीतल्या चातीसारखा गुंडाळला जातो. ओढ एवढी अचानक असते की पाय ब्रेकवर जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं. दुचाकीच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून झाकण लावायचा नियम आपल्याकडे आहे. कार्ट मात्र रस्त्यावरचं वाहन नाही. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसक्तीचा कायदाही बंदिस्त ट्रॅकवरच्या कार्टला लागू होत नाही. तिथली सुरक्षा बरीचशी चालवणाऱ्याच्या शहाणपणावर आणि तुमच्या चौकसपणावर.

“मग कापून टाकते,” लेक उत्साहाने म्हणाली. तिला वेणीचा नाहीतरी कंटाळाच.

“केस कापायचं न्हाई,” आजी.

दोघींचाही मान राहील असा मार्ग आहे. पण त्यात एक चूक सगळ्या जणी करतात, ती आधी सांगते. केसांचा डोक्यावर अंबाडा घालून त्यावर हेल्मेट चढवायचं नाही. अंबाड्यामुळे हेल्मेट वर उचललं जातं, कपाळाशी फट राहते आणि मघाशी एवढ्या कष्टाने जुळवलेलं माप वाया जातं. क्लिपा आणि टोकदार पिनाही नकोत, धडकेत त्या टाळूत घुसतात. वेणी मानेपाशी खाली, चपटी आणि घट्ट घालायची. वर डोकं आणि मान झाकणारी विणलेली टोपी घालायची, जिला बॅलाक्लाव्हा म्हणतात. वेणी त्या टोपीच्या आतून शर्टाच्या कॉलरमध्ये, पाठीवर, आणि शर्ट पँटमध्ये खोचलेला. वरून चेन असलेलं जाकीट किंवा अंगभर पोशाख. कार्टमध्ये बसल्यावर आईने किंवा मावशीने मागून हात फिरवून बघायचं, एकही बट बाहेर नाही ना. ओढणी, गळ्यातली साखळी, हूडची दोरी, हे सगळं बाहेर काढून ठेवायचं. या टोपीचा दुसरा फायदा म्हणजे ट्रॅकवरचं भाड्याचं हेल्मेट घालायची वेळ आलीच, तर दहा जणांचा घाम आपल्या डोक्याला लागत नाही.

ट्रॅकवर गेल्यावर पैसे भरण्याआधी कार्टच्या मागे जाऊन उभे राहा. दांडा आणि साखळीवर झाकण आहे का? नसेल, तर वाढदिवस कुणाचाही असो, मुलांना आइस्क्रीम खाऊ घाला आणि परत या. दादा-वहिनी त्या पहिल्या ट्रॅकवर पुन्हा पाहायला गेले. तिथे झाकण नव्हतं. विचारल्यावर उत्तर मिळालं की आजवर काही झालेलं नाही. त्यांनी दुसरा ट्रॅक शोधला. तिथे झाकणं आहेत, मापाप्रमाणे हेल्मेटं आहेत, आणि लांब केस मोकळे असतील तर कार्टमध्ये बसूच देत नाहीत.

हेल्मेटची निगाही थोडी सांगून टाकते. आतून-बाहेरून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनर कधीही लावू नका, थर्मोकोल त्यात विरघळतो, आणि कार्टच्या ट्रॅकवर हाताला पेट्रोल लागलेलं असणं काही नवल नाही. रंगीत स्टिकरांचा डिंकही काही कवचांना सोसत नाही, तेव्हा हौस असेल तर उत्पादकाच्या सूचना वाचून. उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका. काही झालं नसलं तरी पाच वर्षांनी बदला. मुलांचं तर त्याआधीच लहान होईल.

दादा आता पुढचे बेत आखताहेत. दिवाळीला गावी जायचं ठरलंय, आणि कोल्हापूरजवळ हुपरी रस्त्यावर मोहितेंच्या रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती झाल्या आहेत, असं मी सांगितल्यावर ते चमकले. “हुपरी? चांदीची हुपरी?” त्यांच्या लेखी हुपरी म्हणजे पैंजण आणि करदोडे. तिथे शर्यतीच्या गाड्या धावतात यावर त्यांचा विश्वास बसेना. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला, हेही त्यांना नवीन होतं.

परवा वहिनींचा फोन आला. पंधरा मिनिटांची परीक्षा म्हणून पोरीने हेल्मेट घातलं ते टीव्हीसमोर तासभर काढलंच नाही, जेवायलाही तसंच बसायला निघाली. कपाळावर ठसा नव्हता. आजींनी जुन्या सुती लुगड्याची मऊ टोपी शिवून दिली आहे, मानेपर्यंत येणारी, मागे वेणीला जागा ठेवून. आणि त्या लाल हेल्मेटच्या एका वाटीत खरोखरच कोथिंबीर उगवली आहे म्हणे. दुसरी वाटी दादांनी भट्टीच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.